लूंगच्या नोंदी: शमीचा वाळला पाला आणि तीन सांडण्या

११ नोव्हेंबर

नोख्याहून आत वीसेक किलोमीटरवर एका ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मुक्काम टाकला. बीकानेर जिल्हा म्हटलं की लोकांना नुसते वाळूचे डोंगर दिसतात पण हा भाग तसा नाही, सपाट शेतं, त्यात पंधरा-वीस पावलांवर एकेक झाड, मध्ये गवत आणि कापलेल्या बाजरीची धाटं. पुस्तकात ज्याला कोरडा सॅव्हाना म्हणतात ते असलंच रान. पाऊस वर्षाला २५०-३०० मिमी, तोही जवळपास सगळा जुलै ते सप्टेंबर.

काम साधं आहे. खेजडीचा पाला वाळवून साठवायचा आणि जेव्हा रानात काहीच नसतं तेव्हा उंटांना द्यायचा. इथले लोक हे पिढ्यानपिढ्या करतात, या वाळल्या पाल्याला ते लूंग म्हणतात. आम्ही नवीन काही शोधत नाही, फक्त झाडाचं कमी नुकसान करून तोच पाला नीट कसा टिकवता येईल हे एका हंगामात करून बघायचंय आणि सगळं मोजून लिहून ठेवायचंय.

खेजडी म्हणजे आपली शमी. हे मला माहीत होतं तरी पहिल्यांदा जवळ जाऊन पान हातात घेतलं तेव्हा गलबलून आलं. परभणीला आमच्या घरी गणपतीत एकवीस पत्रींमध्ये शमीच्या चार काड्या मिळाव्यात म्हणून बाबा सायकलवर तीन गल्ल्या फिरायचे, आणि इथे तीच शमी शेतात शेकड्याने उभी आहे आणि उंट ती खातोय. आपल्याकडे हिला सौंदडही म्हणतात.

१४ नोव्हेंबर

ज्यांच्याकडे काम करतोय ते उंट पाळणाऱ्या रायका समाजातले, वय सत्तरच्या आसपास, सगळे बासा म्हणतात म्हणून मीही बासाच म्हणते. मला ते डाक्टर बाईसा म्हणतात. मी म्हटलं नुसतं बाईसा म्हणा तर म्हणाले डाक्टरला डाक्टर म्हणायचं.

एके काळी त्यांच्याकडे साठ उंटांचा टोळा होता, आता एकोणीस. हे फक्त त्यांच्या घरचं नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले, त्यातले २ लाख १३ हजार एकट्या राजस्थानात. २०१४ ला उंट राज्याचा प्राणी जाहीर झाला, २०१५ ला कत्तलीवर बंदी आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. कायदा चांगल्या मनाने केला असेल पण नर विकले जाईनात आणि चारा तर विकतच घ्यावा लागतो, मग ठेवणार कोण, असा बासांचा सरळ प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

प्रयोगाला तीन माद्या घेतल्या. इथे मादीला सांढ म्हणतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला सांडणीस्वार आठवला, शब्द तोच, फक्त आपल्याकडे सांडणी गेली आणि शब्द राहिला. तिघीही बीकानेरी, कपाळ डोळ्यांच्या वर एकदम खोलगट होऊन पुढे निघतं आणि भुवयांवर कानांवर दाट केस. अंगाचा घेर टेपने मोजून वजन काढलं, ४८० ते ५३० किलोच्या मध्ये. दोघी गाभण, एक भाकड. गाभणांतली एक जानेवारीअखेरीला विणार, दुसरीला अजून बराच वेळ आहे.

१९ नोव्हेंबर

आज हिशोबाला बसलो आणि भांडण झालं.

मोठा उंट बांधून खायला घातला तर दिवसाला साधारण आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो. पण आम्हाला बांधून ठेवायचंच नाहीये. उंट चालत चालत खाणारा प्राणी, या झुडपाचे दोन घास, त्या झाडाचे तीन, एका जागी उभा राहून तो झाड ओरबाडत नाही, हीच त्याची रानाशी वागायची रीत. म्हणून दिवसभर चरू द्यायचं आणि संध्याकाळी प्रत्येकीला तीन किलो लूंग. तीन सांडण्या, जानेवारीत एक महिना आणि मे-जूनमध्ये एक महिना, म्हणजे ५४० किलो वाळला पाला.

आता झाडाकडून हिशोब. जोधपूरच्या काझरीची, म्हणजे १९५९ पासूनच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेची जुनी मोजणी इथे सगळे शेतीवाले वापरतात. मध्यम खेजडी पूर्ण छाटली, फक्त मधला शेंडा ठेवला, तर साधारण ६० किलो ओला पाला मिळतो. खालचा दोन तृतीयांश भाग छाटला तर ३० किलोच्या जवळ, आणि खालचा एक तृतीयांश छाटला तर २० किलो. वाळून तो निम्म्याहून कमी होतो. म्हणजे वरचा एक तृतीयांश सोडायचा तर एका झाडामागे तेरा किलो लूंग धरा, आम्हाला बेचाळीस झाडं लागणार. पूर्ण छाटली तर वीसेक झाडांत काम होतं.

छाटणीला इथे छांगाई म्हणतात आणि ती ठेक्याने देतात. ठेकेदार म्हणाला बेचाळीस झाडांवर चढायची मजुरी दुप्पट आणि पाला तेवढाच, हे कोणतं शहाणपण. शेतमालकालाही पटेना, झाड पूर्ण मोकळं केलं तर खाली हरभऱ्याला, मोहरीला ऊन मिळतं. त्यांचं चूक नाही हो. पण याच भागात, नागौरकडे तर जास्तच, खेजड्या उभ्या उभ्या वाळतायत. मुळं पोखरणारा भुंगेरा, गॅनोडर्मा बुरशी, ट्रॅक्टरच्या फाळाने तुटणारी मुळं आणि त्यात दरवर्षी सगळा पाला ओरबाडलेलं अशक्त झाड. आपण उंट वाचवायचा म्हणून झाड मारायचं असेल तर मी परत जाते असं मी बोलून गेले, आवाज चढला होता माझा. बासा मध्ये पडले. म्हणाले, १७३० ला जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी या झाडासाठी जीव दिला, आपण जास्तीची मजुरी देऊ.

मजुरी प्रकल्पातून देतोय. बेचाळीस झाडं, प्रत्येकाला खडूने नंबर.

२७ नोव्हेंबर

छांगाई संपली. फांद्या झाडाखालीच छोटे ढीग करून आठवडाभर ठेवतात, मग काठीने झोडपतात, पाला खाली झडतो, काटेरी काड्या कुंपणाला आणि चुलीला जातात. पद्धत उत्तम, एकच गोष्ट बदलली. खाली ताडपत्री अंथरली.

कारण वाळू. थेट जमिनीवर झोडपलेल्या लूंगची एक मूठ पाण्याच्या बादलीत टाकली, पाला वर तरंगला आणि पाण्यात बोट घालून बघितलं तर तळाला अक्षरशः रवा साचला होता. ताडपत्रीवरच्या मुठीत चिमूटभर निघाली. उंटाच्या पोटात ही वाळू वर्षानुवर्ष साचत जाते आणि दात झिजतात ते वेगळंच. भाभी, म्हणजे बासांची मोठी सून, बादली बघत राहिली, काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरच्या शेळ्यांच्या पाल्याखाली जुनी सतरंजी टाकलेली दिसली.

वजन: १० किलो ओल्याचा सावलीत साडेचार किलो झाला. उन्हातला थोडा कमी भरला पण तो तांबूस पडला, सावलीतला फिका हिरवा राहिला, वासही चांगला, सुकवलेल्या मेथीच्या जवळ जाणारा.

५ डिसेंबर

पान चावून बघितलं, आधी ओलं मग वाळलं. ओलं भयंकर तुरट, कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ कशी टाळ्याला चिकटते तसं. वाळलेलं तुरट आहेच पण झेपतं. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन, ते पानातल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून पानात बारा-पंधरा टक्के प्रथिनं असली तरी जनावराच्या अंगाला सगळी लागत नाहीत. वाळवल्याने ते थोडं कमी होतं. उंटाच्या लाळेत टॅनिनला धरणारी प्रथिनं असतात त्यामुळे तो मेंढीपेक्षा जास्त सोसतो. सोसतो म्हणून कितीही घालायचं नाही, हे मी स्वतःला लिहून ठेवतेय आणि पुढे मीच विसरणार आहे हे आज माहीत नव्हतं (ही ओळ नंतर घातली).

१६ डिसेंबर

तीस पोती भरली, एकेकात अठरा किलो. लूंग हलकं असतं, पोतं दिसतं मोठं आणि उचललं की काहीच नाही. बारदान कमी पडलं म्हणून चार पोती आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली घेतली, दुकानदार म्हणाला यात ओल शिरत नाही. बासांनी पोत्यावरून हात फिरवला आणि ही पोती दाराजवळ ठेवा म्हणाले. का ते विचारायला हवं होतं.

३ जानेवारी

मावठ झाली. हिवाळ्यातला हा पाऊस इथे हरभऱ्याला सोनं, आमच्यासाठी नाही. पत्र्याखालची बारदानाची सव्वीस पोती वरून दमट झाली होती, उघडून उन्हात पसरली, संध्याकाळपर्यंत परत खडखडीत. अस्तराच्या चारांत मात्र पाऊस शिरलाच नव्हता, तरी तोंड सोडल्यावर कुबट वास आला, हात घातला तर आत गरम आणि पाल्याचे गोळे, गोळ्यावर पांढरी-हिरवी बुरशी. पाला थोडा ओलसर असतानाच भरला गेला होता आणि ती ओल बाहेर जायला वाटच नव्हती.

७२ किलो गेलं. साडेपाच झाडांचा पाला. शेळ्यांना तरी घालू असं एकजण म्हणाला, मी नाही म्हटलं, बुरशीचं विष शेळीलाही तेवढंच. खड्डा करून पुरलं. बासांना विचारलं दाराजवळ का ठेवायला सांगितली होती, तर म्हणाले वाळलेल्या पाल्यालाही श्वास लागतो बाईसा, तिथे वास लवकर कळला असता.

यापुढे पॅकिंगच्या आधी प्रत्येक ढिगातली मूठ चुरडून बघायची. पावडर झाली तर भरायचं, नुसती दबली तर अजून दोन दिवस.

१२ जानेवारी

पहिलं खाऊ घालणं. तिघींना एकेक किलोने सुरुवात, आठवड्याभरात तीनपर्यंत न्यायचं.

पहिल्या दिवशी एकीनेही नीट खाल्लं नाही. खेजडीची पानं मुळात इवलीशी, वाळल्यावर त्यांचा ओव्यासारखा चुरा होतो, सांडणीने ठाणात, म्हणजे चाऱ्याच्या कुंडात, तोंड घातलं, जोरात फुंकर मारली आणि अर्ध लूंग तिच्या डोळ्यात, माझ्या केसात आणि वाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी भाभीने त्यात गवारीची फलगटी, म्हणजे गवार मळल्यावर राहणारा टरफल-काड्यांचा भुसा, मिसळली, वरून गुळाचं पाणी आणि मूठभर मीठ घातलं आणि सगळं ओलसर केलं. इथे मोठची, म्हणजे मटकीची, आणि भुईमुगाची वैरणही मिळते पण फलगटी स्वस्त. मीठ नुसतं चवीला नाही, उंटाला इतर जनावरांपेक्षा कितीतरी जास्त मीठ लागतं, चरताना खारी झुडपं मिळाली नाहीत तर हातानेच द्यावं लागतं.

मग जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. उंटाचा वरचा ओठ मधून फाटलेला, दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, अगदी दोन बोटांसारखे. लूंगमध्ये राहिलेला एक लांब काटा होता, बोराच्या काट्याएवढा. तिने डावा अर्धा ओठ त्याच्याभोवती फिरवला, काटा आडवा केला, उजव्या अर्ध्याने पाला आत घेतला आणि काटा काठावर ठेवून दिला. रानात ती यापेक्षा मोठे काटे चावून खाते, मग हा का बाजूला ठेवला कुणास ठाऊक. मी ठाणाजवळ उकिडवी बसून होते, तिचा श्वास माझ्या हातावर येत होता, गरम, गूळ आणि पाल्याचा वास. बासा म्हणाले, ऊंट छोडै आकड़ो, बकरी छोडै कांकरो. उंट फक्त रुई सोडतो, बकरी फक्त खडा.

२४ जानेवारी

चूक झाली, माझी. भाकड सांडणी बारीक वाटत होती म्हणून चार दिवसांपूर्वी तिचं लूंग तीनवरून पाच किलोवर नेलं. फलगटी वाढवली नाही, आणि थंडी म्हणून पाणी तीन दिवसांतून एकदाच चालू होतं. काल तिने खाणं सोडलं, लेंड्या दगडासारख्या, त्याही मोजक्या. पोट टणक. तुरट पाला, कमी पाणी, दुसरं काही कारण शोधायची गरजच नव्हती.

मोहरीचं तेल बेताने पाजलं, घाईत पाजलं तर छातीत जाईल ही भीती, कोमट पाणी ठेवलं, लूंग बंद, चालवत ठेवली. रात्री दोनदा उठून बघितलं. आज दुपारी मोकळी झाली आणि हिरव्या झुडपाकडे मान वळवली तेव्हा बासा हसले आणि मी रडले.

नवीन नियम: अडीच किलोच्या वर नाही, लूंगएवढीच फलगटी, आणि लूंग चालू असेपर्यंत पाणी रोज समोर.

२ फेब्रुवारी

पहिली सांडणी पहाटे व्यायली. तेरा महिन्यांनी. मादी, रंगाने भुरी, दुपारपर्यंत चार लांब पाय सावरत आईमागे चालत होती. रायकांत सांगतात, पार्वतीने मातीचा पाच पायांचा विचित्र प्राणी केला आणि महादेवाने पाचवा पाय वर ढकलला तो मदार झाला, आणि त्याला सांभाळायला पहिला रायका घडवला. बासा हे सांगताना पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होते, मदारीच्या जागी अजून नुसती सैल कातडी. पिल्लाला लूंग द्यायचं नाही, दूधच.

१० फेब्रुवारी

हिवाळ्याचा टप्पा संपला. अकरा पोती लागली, पंधरा शिल्लक. आता रानात थोडं हिरवं दिसायला लागेल, पुढचं मेमध्ये.

१८ मार्च

झाडं बघून आले. छाटलेल्या खेजड्यांना पालवी फुटलीय, पाण्याचा थेंब नसताना. मुळं किती खोल जातात हे ऐकून होते पण या दिवसांत हे कोवळं पोपटी बघणं वेगळं. आमच्या बेचाळीस झाडांच्या शेंड्यात जुना आणि खाली नवा असे दोन रंग.

१५ मे

४६ अंश. आजपासून परत लूंग. शेतातल्या खेजड्या हिरव्या आहेत पण त्या मालकांच्या, आता सांगरीवर, म्हणजे शेंगांवर, आलेल्या, उंटाला तिथे कोण सोडणार. पडीक रान आणि ओरण, म्हणजे देवराई, एवढंच उरतं आणि ते मेमध्ये राखेसारखं होतं. वाटेत एका सोलर प्रकल्पाच्या तारकुंपणामुळे जुनी चराई बंद झालीय, आत कापलेल्या खेजड्यांची खोडं दिसली, मोजली नाहीत, मोजवेना.

पाच महिने ठेवलेलं लूंग कसं निघतं याची धाकधूक होती. बारदान उघडलं, फिकं हिरवं, कोरडं, वास तोच. तिघींनी ठाण चाटून साफ केलं.

१ जून

आज मालकाचा निरोप आला, येऊन बघा. गेले. पूर्ण छाटलेल्या शेजारच्या ओळीत सांगरी नाहीच, नुसता कोवळा पाला. आमच्या झाडांच्या सोडलेल्या शेंड्यात लोंबत होत्या, हिरव्या बारीक शेंगा, भाभी आणि तिची जाऊ लांब काठीला आकडी बांधून काढत होत्या, खाली ओढणीत. वाळलेली सांगरी बाजारात हजार रुपये किलोच्या पुढे जाते. मालक म्हणाला पुढच्या मंगसरमध्ये, म्हणजे मार्गशीर्षात, बांधावरच्या अकरा झाडांचे शेंडे ठेवू. बाकीची? बाकीची पूर्ण, हरभऱ्याला ऊन पाहिजे. मला सगळीच हवी होती, पण ही अकरा तो स्वतःहून ठेवतोय, त्याची मजुरी आम्ही देणार नाही, म्हणून हे मी खात्रीचं धरते.

१७ जून

अजून पाऊस नाही. रोज साडेसात किलोप्रमाणे काढता काढता शेवटच्या पोत्यात पंधरा किलो राहिलं, म्हणजे दोन दिवसांचं. ती बुरशीतली चार पोती आज हवी होती, आणखी नऊ-दहा दिवस निघाले असते.

सांडण्यांची वजनं टेपने: पहिली, जी पाजतेय, जानेवारीपेक्षा अठरा किलोने कमी, दुसऱ्या दोघी जवळजवळ तेवढ्याच. उन्हाळ्यात बाकीचे सोळा चांगलेच उतरलेत, पण त्यांची जानेवारीची वजनं मी घेतली नव्हती त्यामुळे आकडा नाही, नुसतं डोळ्यांनी. पुढच्या वेळी सगळ्यांची घ्यायची.

बासांना कोलायतकडून फोन आला, तिकडे परवा एक सर पडून गेलीय. उद्या पहाटे टोळा तिकडे हलवणार. धाकटा नातू पोत्याचं तोंड शिवत होता, भाभीने परत उसवलं, वरून दोन मुठी मीठ टाकलं, हलवलं आणि मग पाजणाऱ्या सांडणीच्या पाठीवर बांधायला दिलं.